बारा वर्षांत फक्त २३ हजार किमी: ही रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ५०० घ्यावी का?

दिवाळी झाली आणि मावसभावाचा फोन आला, "दादा, एक थंडरबर्ड ५०० सापडलीय, २०१३ ची, फर्स्ट ओनर, फक्त २३ हजार चाललीय, १ लाख ५ हजार म्हणतोय, तू येतोस का बघायला?" सापडली म्हणताना आवाजच असा होता की मला कळलं, गडी मनातल्या मनात गाडीवर बसून निघालासुद्धा. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय. जुनी टूरिंग बाईक घेऊ का असं विचारणारे दर महिन्याला दोन-तीन जण भेटतात आणि प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहूनच जातं.

आधी त्याची गरज काय ते सांगतो कारण सगळा निर्णय शेवटी तिथंच येऊन थांबला. भाऊ नाशिकरोडला राहतो, अंबड एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी. आत्तापर्यंत १५० सीसीची गाडी. नवरा-बायको दोघांनी मिळून ठरवलंय की फेब्रुवारीत नर्मदा परिक्रमा गाडीवरून करायची, ओंकारेश्वरपासून सुरू, म्हणजे अडीच-तीन हजार किमी, वर नाशिकपासून जाणं-येणं वेगळं. दोघं जण, मागं सामान, एमपीतले रस्ते कुठं चांगले कुठं नुसती गिट्टी. सुट्टी मोजून १८ दिवस आणि ती आधीच मंजूर करून घेतलेली. बजेट दीड लाख, गाडी आणि तिच्यावरचा खर्च सगळं धरून.

आता थंडरबर्ड ५०० ही त्या कामाला कागदावर एकदम फिट गाडी आहे, यात वाद नाही. २०१२ च्या शेवटी आलेली, ४९९ सीसी सिंगल, फ्युएल इंजेक्शन, २७.२ बीएचपी आणि ४१.३ एनएम टॉर्क, २० लिटरची टाकी, दोन्ही चाकांना डिस्क, मागं बसणाऱ्याला पाठ टेकायला बॅकरेस्ट. मी स्वतः मित्राची चालवलीय, दोघं बसून बॅगा बांधून कसारा घाट चढताना चौथ्यातून खाली यावंच लागत नाही, ती ओढ ३५० सीसीच्या थंडरबर्डला नाही म्हणजे नाही. हायवेला २८ चं ॲव्हरेज धरलं तरी एका टाकीत साडेपाचशे किमी. अमरकंटककडच्या जंगलपट्ट्यात पंप लांब लांब असतात तिथं ही टाकी म्हणजे मोठाच दिलासा. त्यामुळे त्याला हीच गाडी का हवीय ते मला पुरतं समजत होतं आणि म्हणूनच जास्त काळजी वाटत होती.

गाडी इंदिरानगरला. मी फोनवरच दोन गोष्टी सांगायला लावल्या, एक म्हणजे आम्ही यायच्या आधी गाडी स्टार्ट करून ठेवू नका, आणि दुसरं, इन्शुरन्स चालू नसेल तर टेस्ट राइड घेणार नाही. इन्शुरन्स २०२१ लाच संपलेला निघाला. गाडीचे मालक एक काका, त्यांनी काही कुरकुर न करता ऑनलाइन थर्ड पार्टी काढून टाकली. इथं एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, थर्ड पार्टीचा दर सीसीवर असतो, १५० ते ३५० सीसीला वर्षाला १३६६ रुपये आणि ३५० च्या वर गेलं की २८०४, वर जीएसटी १८ टक्के. म्हणजे ५०० सीसीवाल्याला दरवर्षी ३३०९ रुपये, दुपटीपेक्षा जास्त, आणि हे गाडी असेपर्यंत चालूच.

गेलो रविवारी सकाळी. इंजिनला हात लावला, थंडगार. काका साधे आणि सरळ माणूस, त्यांनी आधीच सांगितलं की २०१८ ला वडील आजारी पडले आणि मग फिरणं बंद झालं ते झालंच, गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून, महिन्या-दोन महिन्यांतनं एकदा स्टार्ट करून ठेवायची. आदल्या दिवशी नवीन बॅटरी टाकलीय हेही स्वतःहून सांगितलं. सर्व्हिस बुक दिलं, शेवटचा शिक्का २०१८ चा, २१ हजार ४०० किमी. आज मीटरवर २३ हजार १००. म्हणजे सात वर्षांत १७०० किमी.

सेकंडहँड गाडी म्हटलं की सगळ्यांना एकच भीती, मीटर मागं फिरवलं असेल का. भाऊपण तेच बघत होता. म्हटलं टायर बघ, टायर मीटरपेक्षा जास्त बोलतात. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पुढच्या टायरवर ०२१३, म्हणजे २०१३ चा दुसरा आठवडा, गाडीबरोबर आलेला ओरिजिनल टायर. मागचा ३४१७, २०१७ चा ऑगस्ट. पुढच्यात गोट्या, म्हणजे रबरावरची नक्षी, अजून बऱ्यापैकी शिल्लक, फूटपेगचं रबर झिजलेलं नाही, ब्रेक पॅडलच्या कडा शाबूत. २३ हजार खरंच होते. भाऊ खूश झाला, "बघ दादा, म्हटलं होतं ना जेन्युइन आहे."

जेन्युइन होतीच. पण मी त्याला नख लावायला सांगितलं पुढच्या टायरला. नख आत रुतत नाही, लाकडाला लावल्यासारखं, आणि गोट्यांच्या मुळाशी बारीक बारीक चिरा, केसासारख्या. गोट्या आहेत पण रबर मेलंय. हाच टायर दोघांना घेऊन ओल्या घाटात ब्रेक मारताना धरणार नाही, आणि २०१३ ची गाडी म्हणजे एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) नाही. तिथून पुढं जे जे बघितलं ते सगळं याच एका धाग्यात येत गेलं: गाडी चालून झिजलेली नव्हती, उभी राहून खराब झालेली होती.

किल्ली ऑन केली. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवल्यावर टाकीतून पंपाचा दोन-तीन सेकंद झींऽऽ असा आवाज येतो आणि मग बंद होतो, याच्यात तो आवाज घरघरत आला, भरडल्यासारखा. सेल्फ मारला, खडाक करून एक झटका आणि दुसऱ्या वेळेला सुरू. तो खडाक मला आवडला नाही. या इंजिनात स्टार्टर आणि क्रँकच्या मध्ये स्प्रॅग क्लच, म्हणजे एकाच दिशेनं पकडणारा क्लच, असतो, बॅटरी मेलेली असताना सेल्फ मारत राहिलं की इंजिन अर्ध्यातनं उलटा दणका देतं आणि तो मार स्प्रॅग खातो. सात वर्षं महिन्यातनं एकदा अशक्त बॅटरीवर सेल्फ मारलेला, म्हणजे शंका घ्यायलाच हवी. सुरू झाल्यावर वरून टक टक टक टक आवाज, भाऊ घाबरला, पण त्यात भिण्यासारखं काही नव्हतं, कारण या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतात, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे, ऑइल भरलेले भाग, गाडी बरेच दिवस उभी असली की त्यातलं ऑइल खाली उतरतं आणि सुरुवातीला वाजतात, मिनिटाभरात ऑइल चढलं की गप्प बसतात. इथं पाऊण मिनिटात गप्प झाले. सायलेन्सरमधून निळा धूर नाही, थंडीतला पांढरा थोडा, तोही लगेच गेला. इंजिन आतून चांगलं होतं हे मी आजही छातीठोक सांगेन.

मेन स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवलं, अर्ध्या फेऱ्यात थांबलं, ब्रेकचा कॅलिपर धरून ठेवत होता. पुढच्या फोर्कच्या पाइपवर बोट फिरवलं तर बोटाला ऑइल आणि धूळ यांचा काळा गोल, सील गेलेले. पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडं सावकाश फिरवलं तर बरोबर मध्ये एक खाच लागते, म्हणजे कोनसेट (हँडलचे बेअरिंग) गेलेला. ब्रेक ऑइल काचेतून बघितलं, कोऱ्या चहासारखं. चेन कोरडी आणि दोन कड्या अडकलेल्या.

मग टाकीचं झाकण उघडून मोबाइलची बॅटरी मारली. इथं मी जरा थांबलो. पेट्रोलच्या पातळीच्या वरचा जो पत्रा दिसतो तिथं तपकिरी ठिपके, कडेच्या जोडापाशी जास्त, बोट लावलं तर बोटाला भुकटी. आजकाल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल आठवड्यात संपतं म्हणून त्याचा त्रास फार जाणवत नाही, पण अर्धी टाकी भरून पाच-सहा महिने उभी ठेवली की तेच पाणी खाली बसतं आणि वरच्या रिकाम्या भागात पत्रा गंजतो. २०१३ ची गाडी या पेट्रोलसाठी बनवलेलीही नाही, रबरी पाइप त्या काळातले. आणि या गाडीत पंप टाकीच्या आतच, म्हणजे गंज झाला की तो थेट पंपाच्या जाळीवर. पंप घरघरत का होता त्याचं उत्तर मिळालं असं वाटलं.

टेस्ट राइड त्र्यंबक रोडला घेतली. ६५-७० पर्यंत मखमल, खरंच सांगतो, त्या लांब स्ट्रोकच्या इंजिनाची ती धडधड पायात आली की सगळं विसरायला होतं. सातपूर सोडून पुढं मोकळा रस्ता मिळाल्यावर थ्रॉटल जास्त उघडला आणि ८० च्या पुढं आचका. सोडलं, परत दिलं, परत आचका. जास्त पेट्रोल मागितलं की मिळत नाही, कमी मागितलं की मिळतं, म्हणजे जाळी चोंदलेली. भाऊ मागं बसला होता, त्यालाही तो आचका लागला. येताना आम्ही दोघं फारसं बोललो नाही.

तिथून आमच्या मिस्त्रींकडं नेली, काका बरोबर आलेच. मिस्त्रींनी अर्धा तास बघून पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला, तो तसाच देतो कारण लोक विचारतात नक्की किती लागतील: दोन टायर ट्यूबसकट ८०००, चेन-स्प्रॉकेट ४०००, फोर्क सील आणि ऑइल १८००, ब्रेकचं दोन्हीकडचं काम ३२००, टाकी साफ आणि पंप ८५००, स्प्रॅग खराब निघाला तर ७०००, इंजिन ऑइल-फिल्टर-प्लग-एअर फिल्टर २५००, कोनसेट १५००, मजुरी ५०००. बेरीज ४१ हजार ५००. म्हणजे १ लाख ५ हजारची गाडी रस्त्यावर उभी राहीपर्यंत १ लाख ४६ हजार ५०० ची. बजेट तिथंच संपलं, पॅनियर (बाजूला लावायच्या बॅगा) आणि रायडिंग जॅकेट वगैरे बाजूलाच.

कागदपत्रांचं वेगळंच. एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर फायनान्सरच्या रकान्यात अजून बँकेचं नाव. काकांनी कर्ज २०१६ लाच फेडलंय, बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, पण घरात आहे, पण आरसीवरून कर्जाचा बोजा उतरवायचा राहून गेला. एनओसी इतकी जुनी झाली की परत बँकेकडून नवीन आणायची, मग बोजा उतरवायचा फॉर्म ३५, त्याच्यानंतर ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०. माझा नियम असा की बोजा उतरल्याशिवाय टोकनच्या पुढं एक रुपया द्यायचा नाही, माणूस कितीही चांगला असो, कारण उद्या बँकेत काही अडलं तर धावपळ घेणाऱ्यालाच. शिवाय एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवलेली नव्हती, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती लागते आणि नसेल तर आरटीओतली कामं अडतात. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळले, दंडाची दोन चलानं बाकी होती ती काकांनी तिथल्या तिथं भरली.

आणि आरसी. रजिस्ट्रेशन मार्च २०१३, म्हणजे १५ वर्षं मार्च २०२८ ला पूर्ण. हातात सव्वादोन वर्षं. त्यानंतर गाडी भंगारात जाते असं नाही, हा एक मोठा गैरसमज आहे, आरटीओत इन्स्पेक्शन करून पाच वर्षांसाठी रिन्यू होते, पर्यावरण कर भरायचा आणि पुढं चालवायची. पण विकायची वेळ आली तर समोरचा हाच आकडा धरून भाव पाडतो, त्यामुळे आज घेताना आपणही तो धरलाच पाहिजे. ५०० चं इंजिन २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर इथं बंद झालं. ब्रेक-फोर्क-चेसिसचे पार्ट ३५० बरोबर बरेच जुळतात, त्याची चिंता नाही, पण फक्त ५०० चे जे पार्ट आहेत, थ्रॉटल बॉडी, ईसीयू (इंजेक्शन सांभाळणारा कॉम्प्युटर), पिस्टन, ते मंडला किंवा डिंडोरीच्या एखाद्या गॅरेजमध्ये मिळतील या भरवशावर निघता येत नाही.

माझं मत मी त्याच दिवशी दिलं: ६५ हजारला मिळाली आणि फेब्रुवारी विसरायची तयारी असेल तर डोळे झाकून घे. काका शेवटी ८५ वर आले, त्यांच्या बाजूनं तेही बरोबरच होतं, गाडीचा रंग-पत्रा बघून कोणीही ८५ देईल. ८५ आणि साडेएक्केचाळीस म्हणजे १ लाख २६ हजार ५००, बजेटमध्ये बसतंय. आणि इथं भाऊ अडून बसला. त्याचं म्हणणं, पैसे बसतायत, इंजिन चांगलं आहे असं तूच म्हणतोस, बाकी सगळं बदलून टाकू, मग अडचण काय?

अडचण तारखेची होती, आणि हे पैशाच्या हिशोबात कुठंच दिसत नाही. बँकेची एनओसी, आरटीओ, मग काम, कितीही घाई केली तरी गाडी हातात यायला जानेवारी उजाडणार. सात वर्षं उभ्या असलेल्या गाडीत आठ-नऊ गोष्टी एकदम बदलल्या की त्यातली एखादी पहिल्या पाचशे किमीत परत उघडायला लागतेच. कुठं सील परत गळतं, कुठं ब्रेकला हवा धरते. जुना वायरिंगचा कनेक्टर हलवल्यामुळं लूज होतो. यात कुणाची चूक नसते, जुन्या गाडीचं असंच असतं. अशी गाडी आधी भंडारदऱ्याला न्यायची, मग सापुताऱ्याला, मग एखादा मोठा वीकेंड, हजार-दीड हजार किमी झाले की मग तिच्यावर भरवसा टाकायचा. ज्याला रविवारी पाना घेऊन गाडीशेजारी बसायला आवडतं त्याच्यासाठी ही गाडी सोनं आहे. माझा भाऊ तिन्ही शिफ्ट करतो, त्याचा रविवार झोपेत जातो. त्यानं आयुष्यात स्पार्क प्लग काढलेला नाही.

हे मी बोललो तेव्हा तो गप्प होता. त्याची बायको चहा घेऊन आली, तिनं एवढंच विचारलं, "दादा, अमरकंटकला गाडी बंद पडली तर आम्ही परिक्रमा अर्धी सोडून येणार का गाडी तिथं सोडून येणार?" आणि मग त्याच्याकडं बघून, "मला गाडी कुठलीही चालेल, मला पूर्ण करायचीय." त्यानंतर त्यानं थंडरबर्डचा विषय काढला नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, त्या गाडीवर त्याचा जीव बसला होता.

पुढच्या दोन आठवड्यांत २०२१ ची मिटिऑर ३५० बघितली, १८ हजार चाललेली, १ लाख ४५ हजारला, सर्व्हिस वेळच्या वेळी, टायर मात्र मागचा बदलायला झालेला. तिच्यात कमी काय ते त्याला स्पष्ट सांगितलं: २०.२ बीएचपी आणि २७ एनएम, टाकी १५ लिटर, दोघं आणि सामान घेऊन घाटात तिसरा टाकावा लागणार, ४१ एनएमची ती ढकल इथं शोधू नकोस. जास्त काय तर दोन्ही चाकांना एबीएस, आरसी २०३६ पर्यंत, ३४९ सीसी म्हणून थर्ड पार्टी १३६६ च्या दरात, आणि पार्ट कुठल्याही जिल्ह्याच्या गावात. परिक्रमेत दिवसाला दोनशे-अडीचशे किमी, तेही ६०-७० च्या वेगानं, त्याला ही गाडी पुरून उरते. थंडरबर्ड ८५ मध्ये घेऊन नीट केली असती त्यापेक्षा १८ हजार ५०० जास्त गेले, वर तो मागचा टायर. फेब्रुवारीत निघायचंय म्हणून मोजले.

काकांना आम्ही नाही म्हणून कळवलं, पण नुसतं नाही म्हणून सोडलं नाही. मिस्त्रींचा तो कागद त्यांना दिला, बोजा आधी उतरवा आणि टाकी रिकामी करून ठेवा म्हणून सांगितलं. त्यांनी खरंच बँकेत जाऊन एनओसी आणली. डिसेंबरच्या शेवटी गाडी मिस्त्रींच्याच ओळखीतल्या एका पोरानं घेतली, ७२ हजारला, त्याला कुठं जायची घाई नाही, रोज संध्याकाळी गॅरेजवर येऊन स्वतः हात काळे करतो. परवा गेलो तेव्हा टाकी खाली उतरवलेली, पंप बाहेर, आणि त्याची जाळी तपकिरी चिखलानं पार लिंपलेली, हातात धरून दिव्याकडं बघितली तर आरपार उजेड येत नव्हता. साइडचं कव्हर उघडून स्प्रॅगपण तपासला होता त्यांनी, तो ठणठणीत निघाला. म्हणजे आमचे ते ७००० उगाच धरले गेले होते आणि खडाक बहुतेक नवीन बॅटरीचं टर्मिनल लूज असल्याचा, घट्ट केल्यापासून तीनदा सेल्फ मारून दाखवला त्यानं, एकदाही आला नाही.

भावाचे मिटिऑरवर आत्तापर्यंत ६०० किमी झालेत, बायकोला घेऊन सामान बांधून या रविवारी वणीच्या गडाला जाऊन येणार आहेत, पॅनियर घासतायत का ते बघायला.